मांडवीजवळची काचेची जमीन

फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्यास एक्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा इतर सीमावासीयांप्रमाणे आम्हीही पिशवीत दोन सदरे टाकून तेथे गेलो होतो. बेळगावहून मिरज, पुणे करीत बडोदे गाठावयाचे म्हणजे अंगाचा पार खुळखुळा होतो. परंतु ज्या नगरीत १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन संमेलने पूर्वीच होऊन गेली, तेथे चौऱ्याऐंशी वर्षांनी पुन्हा मराठीचा मांडव पडणार, हे आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकविणाऱ्या माणसाला घरात बसून ऐकवणे शक्य नव्हते. पहिला दिवस उद्घाटनात, हारतुऱ्यांत आणि भाषणांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठीच्या भवितव्यावरील एक परिसंवाद सुरू होताच आम्ही हळूच उठलो व मांडवाबाहेर आलो. भवितव्याविषयी आम्ही पुष्कळ ऐकले आहे. पाहावयाचे होते ते बडोद्याचे सेंट्रल लायब्ररी.

रिक्षावाल्याला मराठी येत नव्हते आणि आम्हांस गुजराती. तथापि 'सेंट्रल लायब्ररी, मांडवी' एवढ्या शब्दांवर दोघांचे भागले. सुरसागर तलाव उजाडलेल्या उन्हात पहुडला होता. न्यायमंदिराची लाल इमारत मागे टाकून आम्ही लहेरीपुरा दरवाजातून जुन्या शहरात शिरलो. चार दिशांच्या चार दरवाजांतून येणारे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या चौकात मांडवीची कमानींची वास्तू उभी आहे. तिच्या भोवती कापडाची, भांड्यांची, पूजासाहित्याची दुकाने, मधूनच एखाद्या जुन्या वाड्याचे कोरीव लाकडी खांब आणि त्यांवर लोंबणाऱ्या विजेच्या तारा. या गर्दीत ग्रंथालय असेल असे कोणास स्वप्नातही वाटू नये. पण मागाहून विचार करता आम्हांस ती जागाच योग्य वाटली. ग्रंथालय बाजारात असावे. भाजी आणावयास निघालेल्या माणसाने सहज आत डोकवावे, इतके ते जवळ असावे.

आत शिरताच पहिल्या दालनात वर्तमानपत्रे वाचणारी वृद्ध मंडळी दिसली. पलीकडे स्पर्धा-परीक्षांची जाडजूड पुस्तके उशाला घेतल्यासारखी तरुण मुले बसली होती. हे दृश्य आता कोठेही दिसते, त्यात नवल नाही. नवल होते ते ग्रंथभांडारात. परवानगी घेऊन आम्ही आत गेलो. एकावर एक मजले, उंच लोखंडी मांडण्या, आणि मधल्या मजल्यांची जमीन चक्क जाड काचेची! वरच्या खिडक्यांतून आलेला उजेड त्या काचांतून झिरपत झिरपत खालच्या मजल्यावरील पुस्तकांच्या पाठींपर्यंत पोहोचतो. लाकूड नाही, म्हणून आगीचे भय कमी. आणि काच आहे, म्हणून दिवसा दिव्याचे फारसे काम नाही. आम्ही खालच्या मजल्यावर उभे असता वर कोणी सेवक चालत होता. त्याच्या पावलांच्या अस्पष्ट सावल्या आमच्या डोक्यावरून सरकत गेल्या. काचेवर पाय ठेवताना मात्र आमच्या पोटात, खरे सांगावयाचे तर, किंचित गोळा आला.

या संस्थेची जन्मकथा कोणाही शिक्षकाने मनात धरण्यासारखी आहे. मालेगावजवळच्या कौळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. तेच पुढे महाराज सयाजीराव गायकवाड झाले. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानास लागू केला. पण शाळा काढून भागत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. चौथी शिकून शेतावर गेलेला मुलगा चार पावसाळ्यांत अक्षरे विसरतो. कारण गावात वाचावयास काही नसते. शाळेने पेटविलेला दिवा तेलावाचून विझतो, तर तेलाची सोय सरकारनेच केली पाहिजे, असा तो साधा हिशेब होता. त्यासाठी १९१० साली त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस बोलावून आणले. राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथांचा स्वतःचा संग्रह महाराजांनी लोकांसाठी दिला आणि त्यातून हे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. बॉर्डन साहेबांनी १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग काढला आणि १९१३ मध्ये ते मायदेशी परतले. त्यांच्यामागे हा कारभार जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी वाहिला. १९१२ पासून निघू लागलेले येथील 'लायब्ररी मिसलेनी' हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. ग्रंथालयशास्त्रावर मराठीत लिहिण्याची गरज शंभर वर्षांपूर्वी एका गुजराती मुलखातील दरबाराला वाटली, हे वाचताना आम्हांस अभिमान वाटला आणि थोडी लाजही.

परंतु खरी गोष्ट इमारतीची नाही, इमारतीबाहेरची आहे. ज्या गावी ग्रंथालय नाही, तेथे लाकडी पेटीत पुस्तके भरून ती आगगाडीने, बैलगाडीने पाठवावयाची; वाहतुकीचा खर्च ग्रंथालयाने सोसावयाचा; गावाने ती पुस्तके वाचून पेटी परत करावी व दुसरी मागवावी. कोणा गावाला स्वतःचे वाचनालय काढावयाचे असेल तर एक हिस्सा गावकऱ्यांनी जमवावा, तेवढाच स्थानिक पंचायतीने आणि तेवढाच सरकारने घालावा. फुकट काहीच नाही. आपल्या गाठीचा पैसा गेला की माणूस त्या कपाटाकडे वळून पाहतो, हे ज्याने ओळखले त्याला लोकस्वभाव कळला होता. आणि ज्यांना अक्षरच येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी दृश्यशिक्षणाची एक निराळी शाखा होती. मॅजिक लँटर्न आणि बायस्कोप घेऊन माणसे गावोगाव जात, पांढरा पडदा लावून रात्री चित्रे दाखवीत. शहरात स्त्रियांसाठी वेगळे दालन होते आणि मुलांसाठी पुस्तकांबरोबर चित्रे नि खेळ मांडलेली खोली होती. आज आपण नोव्हेंबरात ग्रंथालय सप्ताह साजरा करतो, म्हणजे बहुधा एका पाहुण्यास बोलावून, दीपप्रज्वलन करून, चहा घेऊन घरी जातो. बडोद्याच्या त्या पेट्यांचा सप्ताह वर्षभर चालत असे, आणि त्याला पाहुणे लागत नसत.

एक गोष्ट मात्र आम्हांस अधिक बोचली. बॉर्डन साहेबांनी येथे वाचकाला मांडणीपाशी जाऊन स्वतःच्या हाताने पुस्तक निवडण्याची मुभा दिली होती. त्या काचेच्या जमिनीवर उभे राहून आम्हांस आमच्या शाळेतले कपाट आठवले.

खानापूर तालुक्यातील एका लहान गावी आमची सरकारी मराठी शाळा आहे. तिच्या कचेरीत एक हिरवे लोखंडी कपाट होते. त्यात सुमारे चारशे पुस्तके होती आणि त्याची किल्ली आमच्या खिशात असे. तपासणीस येणारे अधिकारी पुस्तके मोजीत; कमी भरल्यास जबाबदारी मुख्याध्यापकाची. म्हणून आम्ही काय केले? कपाट उघडलेच नाही. सहा वर्षे चारशे पुस्तके चारशेच राहिली. प्रत्येक तपासणीत आम्हांस 'नोंदी चोख' असा शेरा मिळाला, आणि तो आम्ही घरी सांगितला. एम.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेला माणूस हे करीत होता, हे येथे लिहिणे सोपे नाही.

ग्रंथभांडारातून बाहेर आलो तेव्हा मराठी पुस्तकांच्या मांडणीपाशी एक आजोबा आणि आठ-नऊ वर्षांची नात उभी होती. आजोबांची मराठी जुन्या बडोद्याची, शब्दांच्या कडांना गुजराती गोडवा लागलेली. नात शाळेत गुजराती लिपी शिकत होती. तिने एक सचित्र पुस्तक काढले, बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "आजोबा, यांच्या डोक्यावर ही रेघ कशाला मारली आहे?" आजोबा क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "अगं, ही अक्षरं दोरीवर वाळत घातलेली आहेत. आपली साडी वाळत घालतो ना आजी, तशी." मुलीला ते पटले. तिने बोटाने ती दोरी धरून पहिला शब्द लावला, मग दुसरा. गुजराती अक्षरांशी जुळणारी अक्षरे तिला झटकन येत. न जुळणाऱ्यांपाशी ती आजोबांकडे पाही. आम्ही पलीकडच्या मांडणीआड, पुस्तक शोधण्याचे निमित्त करून, ते पान संपेपर्यंत थांबलो. आजोबा मग आमच्याकडे वळून म्हणाले, "घरी आम्ही दोघंच मराठी बोलतो. महिन्यातून एकदा आणतो हिला. मी आहे तोवर." पुढे त्यांना काही बोलावयाचे नव्हते आणि आम्हांसही सुचले नाही. मांडवात त्या वेळी भवितव्यावरील परिसंवाद चाललाच असावा.

परतीच्या गाडीत आम्ही मनाशी बेळगावचा ताळेबंद मांडीत होतो. आम्ही काही अगदी ओसाड मुलखातले नव्हे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, म्हणजे बडोद्याहून बासष्ट वर्षांनी वडील. बॅ. नाथ पै यांच्या नावाने तेथे चालणाऱ्या व्याख्यानमालेस आम्ही विद्यार्थिदशेत सायकलवरून जात असू. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा खेड्यांतून शेतकरी मंडळी स्वतः वर्गणी काढून साहित्य संमेलने भरवितात. ग्रंथदिंडी निघते, बाया डोक्यावर तुळस घेऊन चालतात. असे दृश्य पुण्यामुंबईच्या विद्वानांनी एकदा येऊन पाहावे. पण दिंडीतली पुस्तके पालखीतून उतरल्यावर कोणाच्या घरी जातात, हा प्रश्न आम्ही आमच्या गावापुरता कधी विचारला नव्हता.

त्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही कपाटाची किल्ली सातवीच्या एका मुलीकडे दिली. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याची पत्र्याची ट्रंक घरी पडून होती. तीत अठ्ठावीस पुस्तके भरली आणि रानाकडेच्या एका वाडीवर धाडली. आगगाडी नाही, बैलगाडीही नाही. डेअरीला दूध घालून परतणाऱ्या एका पालकाच्या मोटारसायकलवर, रिकाम्या कॅनांच्या मध्ये सुतळीने बांधून ती गेली. पावसात झाकण गळते म्हणून वर खताच्या पोत्याची खोळ चढविली. पहिल्या महिन्यात तीन पुस्तके आली नाहीत. एकावर हळदीचा हात उमटून आला, एकाचे मुखपृष्ठ कोकराने खाल्ले. नोंदवहीत 'गहाळ' हा शब्द लिहिताना आमचा हात थांबला. मग लिहिला, आणि तिन्हींची किंमत खिशातून भरली. पुढल्या तपासणीत 'नोंदी चोख' हा शेरा मिळाला नाही. साहेबांनी कारण विचारले, आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. जाताना मात्र ट्रंकेचे झाकण उघडून पाहून गेले.

वाडीवरच्या बायांना वाचता येत नव्हते. पण शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात पोरे पुस्तक घेऊन बसत, एकजण मोठ्याने वाची आणि बाया शेंगा फोडीत, वाती वळीत ऐकत. हे आम्ही सुचविले नव्हते. आम्हांस ते दोन महिन्यांनी कळले. एकदा आम्ही स्वतः गेलो. वाचणारा मुलगा जोडाक्षरापाशी अडखळला की मागून कोणीतरी म्हातारी संदर्भाने शब्द पुरवी, आणि तो बहुधा बरोबर असे. जिने आयुष्यात पाटी धरली नाही, ती मुलाचे वाचन दुरुस्त करीत होती. बडोद्याच्या त्या पांढऱ्या पडद्यापुढे रात्री बसणाऱ्या माणसांचे चेहरे असेच उजळलेले असतील, असे आमच्या मनात येऊन गेले.

करोनाच्या दोन वर्षांत ट्रंक कचेरीत पडून राहिली. त्यानंतर ती पुन्हा फिरू लागली. आता तिचा पत्रा दोन ठिकाणी पोचला आहे आणि कडी नवी बसविली आहे. वाडीवरची मुदत पंधरा दिवसांची. गेल्या आषाढात मुदत संपल्यावर ट्रंक परत आणावयास आम्ही पावसातून गेलो, तर देवळाच्या पायरीवरच एका बाईने आम्हांस अडविले. तिचा मुलगा एके काळी आमच्याच शाळेत होता.

"गुरुजी, पेटी आणि आठ दिस ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पावसानं दोन शनिवार बसणं झालं नाही. गोष्ट अर्ध्यात हाय."

छत्री मुलाच्या हाती देऊन आम्ही तेथेच पायरीवर बसलो, ट्रंकेच्या झाकणाआतील कागदावर जुनी तारीख खोडली, आणि नवी घातली.