जवळा आणि नाकतोडा

वरळीची बीडीडी चाळ पाहिलीत का? १९२०च्या दशकात इथे १२१ इमारती उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली, मध्ये सामाईक पॅसेज! एका घरी सुका जवळा भाजला, की वास सगळ्या मजल्यावर. कोकणातल्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं. सवय नसलेला पाहुणा नाक दाबायचा.

गंमत म्हणजे जवळा आणि नाकतोडा दोघेही संधिपाद, लांबचे भाऊबंदच! दोघांतही प्रथिनं भरपूर. गडचिरोलीत माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी आवडीने खातात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये एका भुंग्याच्या वाळवलेल्या अळ्या खायला परवानगी दिली. मग किळस येते कुठून? सवयीतून!

२०२५ पासून चाळकरी टॉवरमध्ये जाऊ लागलेत. तिथेही शेजाऱ्याच्या ताटाला ‘शी!’ म्हणायचं नाही हं!