अंगणातला शकरखोरा

दर वर्षी थंडी सरत आली की वर्गातलं कुणीतरी धापा टाकत येतं. "टीचर, आमच्या दारात हमिंगबर्ड आला!" मग हसू आवरून सांगावं लागतं, की बाळा, हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत राहतो. तुझ्या दारात आला तो शिंजीर. मराठीत त्याला सूर्यपक्षीही म्हणतात आणि उर्दूत शकरखोरा. खुदा शकरखोऱ्याला शकर देतोच, ही म्हण आमच्या अम्मी हजारदा ऐकवायच्या, पण हाच तो पक्षी हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. लांब बाकदार चोच आणि फुलांवरची धडपड पाहून मुलं फसतात, त्यात नवल नाही. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत, हवं तर मागे सरकत मध पितो. शिंजीरही क्षणभर तरंगतो, पण बहुतेक वेळा त्याला बसायला डहाळी लागते. फोटो काढणाऱ्याला ही मोठीच सवलत.

मिरजेच्या आमच्या घराचं अंगण म्हणजे दोन खाटा मावतील एवढी जागा. तिथे जास्वंद, डाळिंब, एक केळ आणि भिंतीवर चढलेली बोगनवेल. जास्वंदाचं फूल खोल असलं की शिंजीर समोरून डोकं घालत बसत नाही. देठापाशी भोक पाडून मध चोरतो. केळफुलावर मात्र उलटा लटकून सावकाश पितो.

चार वर्षांपूर्वी आम्ही जुना कॅमेरा विकत घेतला. पहिल्या महिन्यातले सगळे फोटो सारखेच आले, फांदीवर कोळशाचा तुकडा! नराच्या पिसांतला जांभळा-निळा झळाळ हा नुसता रंग नसतो; पिसांच्या बारीक रचनेवर उजेड पडून तो दिसतो. सूर्य आपल्या पाठीमागे हवा आणि पक्ष्याने मान योग्य कोनात वळवायला हवी. तेव्हा फजरनंतर चहाचा कप घेऊन पूर्वेच्या भिंतीला टेकून बसायचं, एवढाच उपाय. विणीचा हंगाम सरला की नर हा झगा उतरवतो आणि मादीसारखा पिवळसर होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, नर गेला कुठेतरी!

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मादीने बोगनवेलीत घरटं बांधलं. कोळ्याची जळमटं, सालपटं, वाळक्या पानांचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असं काय काय चिकटवून केलेली लोंबती पिशवी. बाजूला दार, दारावर छोटी पडवी. कुणालाही तो अडकलेला कचराच वाटावा, आणि त्यातच तिची हुशारी. नर आसपास गात होता, बांधकामाला हात लावत नव्हता. (यावर आमच्या घरात झालेली चर्चा इथे देत नाही.)

पिल्लं आली तेव्हा आमचा धीर सुटला. पुढची पानं फोटोत आडवी येत होती. आम्ही दोन फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या. फक्त अर्ध्या तासासाठी, असं ठरलं होतं. फोटो फार सुंदर आले, दारातून बाहेर आलेल्या दोन पिवळ्या चोची. शाळेची वेळ झाली आणि सुतळी तशीच राहिली. संध्याकाळी घरटं फाटून लोंबत होतं आणि भिंतीवर कावळा बसला होता. मादी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चोचीत किडा धरून येत राहिली. धाकटीने विचारलं, "आपण बांधलं नसतं तर कावळ्याला दिसलं असतं का?" आम्ही उत्तर दिलं नाही. नातेवाइकांनी मागितला, तरी तो फोटो कुणाला पाठवला नाही.

त्यानंतर बरेच महिने कॅमेरा कपाटात होता. तो निघाला नाताळच्या सुट्टीत, मुरूडला खालांकडे गेलो तेव्हा. तिथून जवळच फणसाडचं अभयारण्य. एके काळी ही जंजिऱ्याच्या नवाबांची शिकारीची राखीव जागा होती. आता लोक शेकरू बघायला येतात. आम्ही मात्र एका लाल शिंजिराच्या शोधात होतो. साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली त्याची नोंद केली आणि व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं. पश्चिम घाटाबाहेर तो जगात कुठेच नाही. दोन दिवस हिंडलो. हाती लागला एक फोटो, त्यात पानांमागे लाल डाग. तरी प्रत्यक्ष पाहिला तो तीन-चार सेकंद, पाठ अशी की डाळिंबाचं फूल उडावं.

खरी मौज खालांच्या वाडीतच होती. म्हाताऱ्या आंब्यावर बांडगूळ फुललं होतं आणि त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजिरांची जत्रा भरली होती. खालू कोयता घेऊन झाडाखाली उभे. "हे झाडाचा जीव खातंय," म्हणाले. चुकीचं नव्हतं ते. बांडगूळ आंब्याचंच शोषून वाढतं. पण या फुलांचं परागीभवन शिंजिरांकडूनच होतं, हेही आम्ही सांगितलं. पुष्कळ हुज्जत झाल्यावर खालूंनी वरच्या दोन फांद्या सोडल्या आणि बाकी तोडलं. "तुमच्या शकरखोऱ्याचा हिस्सा," म्हणाले. ओट्यावर बसून त्या दोन फांद्यांचे जेवढे फोटो निघाले, तेवढे अख्ख्या फणसाडात निघाले नाहीत.

गेल्या मार्चमध्ये मादी पुन्हा आली. तीच की दुसरी, कोण सांगणार. या वेळी तिला बोगनवेल नको होती. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला, खिळ्याजवळ लोंबणाऱ्या वेलीच्या शेंड्याला तिने पहिलं जळमट लावलं. थोरल्याने कॅमेऱ्याची बॅटरी काढून स्वतःहून अम्मींच्या पेटीत ठेवली. आम्ही ओले कपडे बादलीत भरून गच्चीवर नेऊ लागलो, सकाळ-संध्याकाळ, सव्वीस पायऱ्या. बांधकाम, अंडी, पिल्लं मिळून दीड महिना गेला. शेजारच्या भाभी विचारायच्या, दोरी तुटली का?

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी पिशवी रिकामी दिसली. खात्री करायला आणखी चार दिवस थांबलो, मग दोरीवर पहिली चादर टाकली.