जलचक्रातला एक बाण

परवा नात पुण्याहून आली होती. सुट्टीचा अभ्यास म्हणून तिने जलचक्राचं चित्र काढलं. निळा समुद्र, वर ढग, डोंगर, पाऊस, नदी आणि गोल फिरणारे बाण. चित्र सुरेख होतं. पण ते पाहून मला २००३ सालचा उन्हाळा आठवला.

माझं माहेर शिरूरचं, घोडनदीकाठचं. सासर दौंड तालुक्यातलं, भीमेच्या खोऱ्यातलं. घोड शेवटी भीमेलाच मिळते, म्हणून लग्नात आजोबा म्हणाले होते, "पोरगी नदीच्याच वाटेनं चालली!" नोकरीही सासरच्या भागातच, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, पण प्राथमिकच्या बाईंना सगळंच शिकवावं लागतं, त्यात विज्ञानही आलं.

त्या वर्षी आधीचा पावसाळा वाया गेलेला. विहिरी आटल्या होत्या, वस्तीवर टँकर येत होता. मी फळ्यावर असंच गोल चित्र काढून शिकवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, पाणी गोल फिरून माघारी येतं, तर आपल्याकडं टँकर का येतोय?"

"उद्या सांगते," म्हणाले. खरं तर मला उत्तर येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं. अंगणातल्या कडुनिंबाच्या एका फांदीला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली. दुपारपर्यंत आत थेंब जमले. मुलं नाचायलाच लागली, "झाडाला घाम आला!" मग स्टोव्हवर पातेल्यात पेलाभर पाणी उकळलं आणि वर बर्फ ठेवलेली ताटली धरली. ताटलीच्या बुडाला थेंब धरले आणि टपटप पडू लागले. तो आमचा पाऊस. ते पाणीही आम्ही नंतर झाडालाच घातलं, टँकरचं होतं ना!

मग विटा रचून सह्याद्री केला. अरबी समुद्रावरून आलेले ढग भीमाशंकराच्या डोंगरावर रिते होतात आणि पलीकडे आपल्याकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसं उरत नाही. तिकडे पडतो त्याच्या कितीतरी कमी पाऊस शिरूर-दौंडला पडतो, पाचशे मिलीमीटरच्या आसपास. जे वाहतं ते भीमेतून उजनीला, पुढे कृष्णेला आणि थेट बंगालच्या उपसागरात. म्हणजे पाणी येतं एका समुद्रातून आणि जातं दुसऱ्या समुद्राला. ते आपल्याच दारात परत येईल असं चक्राने कुणाला वचन दिलेलं नाही.

शेवटी काचेची बरणी घेतली. तळाला दगड, वर मुरूम, वर माती. एक वाटी पाणी ओतलं, ते हळूहळू मुरत खाली गेलं. मग शहाळ्याची नळी खोल खुपसून एकेकाला ओढायला सांगितलं. दोन-चार पोरांतच नळी खुळखुळ वाजायला लागली. आपल्याकडचा खडक काळा पाषाण, पाणी धरतो ते वरच्या मुरमात आणि भेगांत. खोल गेलेलं पाणी भरून यायला फार वेळ लागतो, हे सांगत होते, तोच तो मुलगा म्हणाला, "बाई, तुमच्या मळ्यात पण नवा बोअर मारलाय ना?"

वर्ग एकदम गप्प झाला.

मारला होता. तीनशे फूट. दिरांनी उसासाठी मारला होता आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून गेले होते. शाळेत मी जलचक्र शिकवत होते आणि घरी नळी ओढत होते. मी म्हणाले, "हो, मारलाय." एवढंच. पोरांसमोर खोटं बोलवेना.

त्या दिवसापासून मुलांनी दोरीला हाता-हातावर गाठी मारल्या. दर महिन्याच्या एक तारखेला शाळेजवळच्या विहिरीत दोरी सोडून, किती गाठींवर पाणी लागतं ते भिंतीवर लिहायचं. मी निवृत्त होईपर्यंत तो तक्ता चालू होता. मळ्यावरची भांडणं मात्र वर्षभर चालली. दीर म्हणायचे, "वहिनी, तुमची बरणी आणि आमचं शेत यात फरक आहे." पुढे तोच बोअर आटला, तेव्हा ऊस अर्ध्यावर आणला, ठिबक केलं आणि घराच्या पत्र्यावरचं पाणी विहिरीत सोडलं. पाणी भरभरून वाढलं असं म्हणणार नाही. पण मार्चमध्ये कोरडी पडणारी विहीर आता बऱ्याच वर्षी एप्रिल पाहते.

असो. नातीला ही सगळी हकिगत सांगितली आणि म्हटलं, तुझ्या चित्रात एक बाण राहिलाय. जमिनीतून वर येणारा, बोअरचा.

ती म्हणाली, "आजी, तो पुस्तकात नाहीये."

"तरी काढ," म्हटलं.

तिने काढला. लाल रंगाने.