मोटारीचें दुखणें

रोगाचें निदान आधीं आणि औषध मागून, हा क्रम आपल्याकडे कोणास नव्यानें शिकवावा लागत नाहीं. माधवकरानें तर केवळ रोगपरीक्षेवरच ‘माधवनिदान’ हा ग्रंथ रचला. परंतु शरीराच्या बाबतींत जो क्रम आपण निमूटपणें मान्य करतों, तोच घरांतल्या यंत्राच्या बाबतींत साफ विसरतों. मोटार वाजूं लागली कीं, “जें काय बिघडलें असेल तें बदलून टाका,” एवढें सांगून आपण मोकळे होतों; आणि मुळांत काय बिघडलें होतें हें शेवटपर्यंत कळत नाहीं, आपल्यालाही नाहीं आणि पुष्कळदां बदलणारालाही नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या घरच्या छोट्या मोटारीनें या विषयाचा चांगला अनुभव दिला. ज्या कुटुंबांत मोटार आहे, आणि ती घरची लेक किंवा सून एकटीच दूरवर चालवीत नेते, त्या कुटुंबांस तो उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

आमचें घर अमरावतीस. सून अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत मृदाशास्त्राच्या संशोधनाचें काम करते. सोमवारीं पहांटे ती मोटार घेऊन निघते आणि शुक्रवारीं दिवेलागणीला परत येते. अंतर सुमारें १०० किलोमीटर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगांव मंजू अशीं गांवें मागें टाकीत जावयाचें. आगगाडीची सोय आहेच. पण मातीचे नमुने गोळा करण्यासाठीं तिला खेड्यापाड्यांतून, शेतांच्या बांधांपर्यंत जावें लागतें, आणि तेथें आगगाडी जात नाहीं.

मोटार नऊ वर्षांची. पावसाळा सरतां सरतां तिच्या पुढच्या डाव्या अंगानें “खट्” असा आवाज येऊं लागला. घरांत जितकीं माणसें तितकीं निदानें झालीं. सौभाग्यवतींच्या मतें दार नीट लागत नव्हतें. पुण्याहून चिरंजीवांनीं फोनवरून सांगितलें कीं शॉकअप गेले असतील. शेजारच्या वकीलसाहेबांनीं नवी मोटार घेण्याचा सल्ला दिला. तो अर्थातच सर्वांत सोपा होता, कारण पैसे त्यांचे नव्हते. शहरांतील एका गॅरेजांत गाडी नेली. तेथें गाडी चालवून न पाहतां, आवाज ऐकून न घेतां, पुढचे दोन्ही शॉकअप बदलण्यांत आले आणि भलें मोठें बिल हातीं पडलें. तीन दिवस बरे गेले. चवथ्या दिवशीं खेड्याच्या वाटेवर तोच “खट्” पुन्हा हजर!

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर सौभाग्यवतींनीं निकाल सांगून टाकला: “उद्यांपासून मोटार बंद. आगगाडीनें जा. मातीचे नमुने विद्यापीठाच्या शिपायाला आणावयास सांग.” सून शांतपणें म्हणाली, “आई, कारण कळेपर्यंत मी हमरस्त्यावर गाडी नेणार नाहीं, हें कबूल. पण आवाज कशाचा आहे तें न कळतां गाडी कायमची सोडून देणें म्हणजे ताप कां आला तें न पाहतां माणसाला जन्मभर अंथरुणांत ठेवण्यासारखें आहे.” मुद्दा केवळ एका आवाजाचा राहिला नव्हता. तिच्या कामाचा होता, आणि तिच्या जिवाचाही होता. दोन्हीपैकीं कोणताच सोडवत नव्हता, म्हणूनच घरांत एवढी स्तब्धता पसरली.

पुढील दोन दिवस तिनें आमच्या वसाहतींतल्या रस्त्यांवरच संथ गतीनें गाडी फिरविली आणि शेतांतील प्रयोगांची टिपणें ठेवावीं तशीं आवाजाचीं टिपणें ठेवलीं. गतिरोधकावरून हळू उतरतांना एक आवाज होतो. ब्रेक लावतांच एक होतो, आणि ब्रेक सोडून पुन्हा निघतांना दुसरा. ब्रेकच्या वेळीं गाडी किंचित् डावीकडे ओढते. गाडी उभी ठेवून जागच्या जागीं स्टिअरिंग फिरविलें तर आवाज नाहीं. चाकें पूर्ण वळवून गाडी चालविली तरी कटकट नाहीं. गुळगुळीत डांबरावर गाडी अगदीं मुकी. आणि डाव्या पुढच्या टायरची आंतली कड बाहेरच्या कडेपेक्षां अधिक झिजलेली. एवढें एका पानावर लिहून ती बडनेऱ्याच्या बाजूस असलेल्या एका वयस्क मिस्त्रीकडे गेली. मीही बरोबर होतों.

मिस्त्रीनें तें पान चष्मा लावून दोनदां वाचलें आणि तो हंसला. “ताई, आवाज कानाले आयकू येते एकीकडं, अन् दुखते दुसरीकडं. पण तुमी लिवून आनलं ते लय बेस केलं. अर्धी बिमारी इथंच सापडली.” मग त्यानें एकेक ओळीवर बोट ठेवून काय काय नाहीं तें सांगितलें. शॉकअपच्या माथ्यावरचा टेकू बिघडला असता तर उभ्या गाडीचें स्टिअरिंग फिरवितांना तो वाजला असता. चाकाला शक्ति पोंचविणाऱ्या दांड्याचा सांधा गेला असता तर पूर्ण वळणावर कटकट झाली असती. राहिली ब्रेकची ओळ. ब्रेक लावतांना चाक मागें रेटलें जातें आणि निघतांना पुढें ओढलें जातें. दोन्ही वेळां आवाज होतो, त्या अर्थीं चाकाला मागेंपुढें धरून ठेवणारी वस्तु सैल आहे. ती वस्तु म्हणजे खालची भुजा. गॅरेजच्या भाषेंत ‘लोअर आर्म’.

या भुजेची ओळख करून दिल्यावांचून पुढचें नीट समजणार नाहीं. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींची पुढची बांधणी अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नांवानें ओळखली जाते. १९५० साली इंग्लंडांत आलेल्या फोर्ड कॉन्सल या गाडींत ती प्रथम सर्वांच्या डोळ्यांत भरली. तींत स्प्रिंग व शॉकअप मिळून एक उभा खांब होतो आणि गाडीचा भार त्या खांबावर येतो. परंतु चाकाचा तळ आपल्या जागीं राहावा, तो आंतबाहेर किंवा मागेंपुढें सरकूं नये, म्हणून खालून एक लोखंडी भुजा गाडीच्या सांगाड्यापासून चाकापर्यंत गेलेली असते. सांगाड्याकडच्या टोकास रबराचे दोन बुश असतात आणि चाकाकडच्या टोकास एक गोळ्याचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट. मनुष्याच्या देहाशीं तुलना करावयाची तर बुश ही दोन हाडांमधली कूर्चा, आणि बॉल जॉइंट हा खुब्याचा सांधा. कूर्चा झिजली कीं हाडावर हाड आपटतें. आमच्या गाडींतला “खट्” तो हाच.

आमच्या जुन्या वऱ्हाडी बंडीला हा सांधाच नव्हता. आंस, तुंबा आणि लोखंडी धाव, एवढाच तिचा संसार. आंसाला वेळेवर वंगण घातलें कीं झालें. बाकीचे सगळे धक्के बसणाराच्या पाठीनें सोसावयाचे. मोटारींत ते धक्के आपल्या ऐवजीं रबर सोसतें. जें दुसऱ्याच्या वांटणीचें सोसतें तें आधीं झिजणारच, आणि म्हणून तें वेळच्या वेळीं बदलावयाचें असतें.

तर्क झाला तरी मिस्त्रीनें तेवढ्यावर पाना उचलला नाहीं. गाडी जॅकवर उचलून घोडीवर टेकविली. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही जाऊं नये, हें त्यानें मला उद्देशून मुद्दाम सांगितलें. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलविलें. तेथें सैलपणा नव्हता, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांचीं टोकें शाबूत. मग वरच्या व खालच्या कडेला धरून हलविलें; तेथें बारीकसा खेळ जाणवला. सुनेला आंत बसवून ब्रेक दाबून धरण्यास सांगितलें आणि पुन्हा हलविलें. बेअरिंग सैल असतें तर ब्रेक दाबल्यावर तो खेळ नाहींसा झाला असता; तो तसाच राहिला, तेव्हां संशय बॉल जॉइंटवर गेला. शेवटीं एक लोखंडी कांब भुजेच्या व सांगाड्याच्या मध्यें घालून त्यानें हलकेंच रेटलें आणि बॅटरीचा झोत टाकून मला वांकून पाहावयास लावलें. मागच्या बुशाचें रबर अर्ध्याहून अधिक फाटलेलें होतें आणि भुजा बोटभर मागेंपुढें सरकत होती. बॉल जॉइंटचें रबरी टोपणही फाटून आंत चिखल शिरला होता.

“बुश फाटला त गाडी वाजते, ताई,” तो म्हणाला, “पण हा गोळा निसटला त चाकच आडवं पडते. अन् ते काही सांगून पडत नाही.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. सुनेनें तेवढें आपल्या वहींत लिहून घेतलें.

केवळ बुश दाबून नवे बसवितां येतात व त्यांत खर्चही कमी लागतो. परंतु आमच्या गाडींत बॉल जॉइंट भुजेंतच पक्का बसविलेला असल्यामुळें सबंध भुजाच बदलणें प्राप्त होतें. उजवीकडचे बुश अजून सैल नव्हते, पण रबराला चिरा गेल्या होत्या. तीही भुजा बदलावी काय, असें मीं विचारतांच उत्तर आलें, “साहेब, एका पायाले नवा जोडा अन् दुसऱ्याले जुना घालान काय?” दोन्ही बदलावयाच्या ठरल्या.

काम पाहण्यासारखें होतें. मागच्या चाकांना ओट लावली. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल केले, मग गाडी उचलली. बॉल जॉइंटचा बोल्ट काढून तो सांधा सोडविला, नंतर सांगाड्याकडचे बोल्ट काढतांच जुनी भुजा हातांत आली. नवी भुजा जुनीशेजारीं ठेवून भोंकें व लांबी ताडून पाहिली. बसवितांना बुशांचे बोल्ट मात्र त्यानें हातानेंच फिरवून सोडून दिले. मला तो हलगर्जीपणा वाटूं नये म्हणून आपण होऊन म्हणाला, “हे आता नाही आवळाचे. गाडी चाकावर उभी राह्यली का मंग आवळू. लटकत्या चाकावर आवळले त रबर पिरगाळून बसते, अन् लवकरच फाटते.”

या एका वाक्यांत त्या विद्येचें सगळें सार होतें. बुशाच्या आंतली लोखंडी नळी रबराला चिकटविलेली असते, आणि बोल्ट आवळला कीं ती जेथल्या तेथें जखडते. चाक लोंबकळत असतांना ती जखडली तर गाडी खालीं येतांच रबराला पीळ पडतो, आणि तो पीळ घेऊनच त्याला पुढचें सगळें आयुष्य काढावें लागतें. म्हणून गाडी खड्ड्यावर घेऊन, चारही चाकांवर तिचा पूर्ण भार देऊन, मग खालून टॉर्क-पान्यानें त्या गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापाइतकेच बोल्ट आवळले. शेवटीं चाकांचें अलाइनमेंट तपासून घेण्याची त्यानें ताकीद दिली, कारण भुजा बदलली कीं चाकांचा कोन पूर्वींचाच राहील असें धरतां येत नाहीं.

घरीं येतांना सून म्हणाली, “बाबा, या रबराचा खरा शत्रु माझ्याच विषयांतला आहे.” वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन पाणी प्याली कीं फुगते आणि उन्हाळ्यांत आटून हातभर भेगा पाडते, तिच्यांतील मॉन्टमोरिलोनाइट नांवाच्या चिकण द्रव्याचा हा गुण. त्या जमिनीवरचा रस्ता वर्षांतून दोनदां श्वास घेतल्यासारखा हलतो आणि त्याला लाटा पडतात. वर ४५ अंशांच्या पुढें जाणारा उन्हाळा. त्यानें रबर कडक होऊन तडकतें. अमरावती-अकोला हमरस्ता तर कित्येक वर्षें खड्ड्यांसाठींच प्रसिद्ध होता. पुढें याच रस्त्यावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका अखंड डांबरी काँक्रीटनें तयार करण्यांत आली आणि गिनेस बुकांत तिची नोंद झाली. त्यापूर्वींचा विक्रम कतारमधील दोहा येथला, २०१९ सालचा, २५ किलोमीटरांहून थोडा अधिक. आमच्या मोटारीचें बाळपण मात्र त्या विक्रमाच्या आधींचें. आणि हमरस्ता सुधारला तरी शेताकडच्या वाटा जशा होत्या तशाच आहेत.

सौभाग्यवतींना जुनी भुजा दाखविली. मिस्त्रीकडून ती मुद्दाम मागून आणली होती. फाटलेलें रबर बोटानें उचकटून त्यांनीं पाहिलें, आणि बराच वेळ हातांतच धरून ठेवलें. मग त्यांनीं एवढेंच विचारलें, “दुसऱ्या बाजूचीही बदलली ना?” भीतीला नांव मिळालें कीं ती अर्धी उतरते, हें मला त्या दिवशीं प्रत्यक्ष दिसलें. पुढच्या सोमवारीं पहांटे दशम्यांचा डबा सुनेच्या हातीं देतांना त्यांनीं आगगाडीचें नांव काढलें नाहीं.

वाचकांस सांगावयाचें तें थोडक्यांत इतकेंच. आवाज केव्हां येतो आणि केव्हां येत नाहीं हें गॅरेजांत जाण्यापूर्वीं कागदावर लिहावें. मिस्त्रीला शेजारीं बसवून गाडी चालवून दाखवावी. काय सैल आहे तें त्यानें हलवून दाखविल्यावांचून कोणताही भाग बदलूं देऊं नये, आणि काढलेला भाग पाहावयास मागावा. चांगला कारागीर या मागणीचा राग मानीत नाहीं. त्याला आनंदच होतो. पुस्तकी विद्येच्या घरांतून आपण हाताच्या विद्येकडे दुरून पाहत आलों. परंतु तिच्यांतही तर्क आहे, परीक्षा आहे आणि जबाबदारी आहे. खंडेनवमीला आपण मोटार धुतों, तिला झेंडूची माळ घालतों, हळदकुंकूं वाहतों. त्याच सुमारास एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून ती खालूनही एकदां पाहून घेतली, तर ती पूजा पुरी झाली असें समजावें.