देवळालीचा ताप

इंग्रजी शब्दकोश हे खरे म्हणजे एक प्रवासवर्णन आहे, असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो आणि तीस वर्षे मुले खिडकीबाहेर पाहत आली. त्यांचेही बरोबरच होते म्हणा. प्रवास करावा तो आगगाडीने. बाकावर बसून 'एटिमॉलॉजी' पाठ करण्याने कोणाला कुठे पोचता आले आहे?

तेव्हा ज्यांना ह्या विषयाची गोडी लावून घ्यायची असेल त्यांनी बोरीबंदरला नाशिककडे जाणारी गाडी पकडावी. (स्टेशनाचे नाव आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे हे मला ठाऊक आहे, पण माझ्या वयाच्या जिभा जुन्याच रुळांवरून धावतात.) गाडी सुटून नीट वेग घेते न घेते तोच डावीकडे डोंगरी येते. ह्या डोंगरीच्या बाजारात एके काळी एक जाडेभरडे कापड मिळे. गोऱ्या दर्यावर्दींनी ते कापड उचलले आणि कापडाबरोबर गावाचे नावही उचलले. त्याचेच झाले 'डंगरी'. खलाशांच्या आणि कामगारांच्या अंगावरून उतरून ही डंगरी आज चांगल्या घरच्या लेकीसुनांच्या अंगावर मिरवते आहे. आमच्याच डोंगरीचे फडके लंडनला जाऊन आले आणि काय भाव खाऊ लागले पाहा!

आमच्या बोंबलाचे नशीब मात्र तितकेसे बरे नाही. त्याला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. टपालाच्या गाडीतून, म्हणजे 'डाक'मधून, सुके बोंबील जात आणि डब्याला वास येई, म्हणून हे नाव पडले, अशी एक गोष्ट प्रत्येक लग्नाच्या पंगतीत कोणी तरी सांगतोच. गोष्ट छान आहे. अडचण एवढीच की आपल्याकडे पहिली गाडी १८५३ साली धावली, आणि बोंबलाला बदक म्हणणे त्याच्या कितीतरी आधी छापून आलेले आहे. शब्दांच्या गावी अशा खोट्या पाट्या फार असतात. पाटी जितकी सुंदर, तितका संशय अधिक घ्यावा.

पण मी काही डोंगरीसाठी किंवा बोंबलासाठी गाडीत बसलो नव्हतो. मला देवळालीला आक्काने बोलावले होते, आणि आक्काचे बोलावणे म्हणजे समन्स असते.

आक्का ही माझी चुलत बहीण, वयाने सात वर्षांनी मोठी. दाजी गेल्यापासून ती देवळाली कॅम्पात लॅम रोडच्या बाजूला एका जुन्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर राहते. मुलगा आणि सून विलायतेत लेस्टरला. नात तिथल्या शाळेत जाते. एके दिवशी त्या पोरीने वर्गात सांगितले, की माझी आजी देवळालीला असते. हे ऐकताच मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "म्हणजे तुझी आजी डूलाली आहे!" सगळा वर्ग हसला. घरी येऊन पोरीने आक्काला फोनवर विचारले, "आजी, तुझ्या गावात सगळी वेडी माणसं राहतात का गं?"

आक्का त्या दिवसापासून धुमसत होती. फोनवर मला म्हणाली, "तू इतकी वर्षं इंग्रजी शिकवलंस ना? मग ये आणि पोरीला काय सांगायचं ते सांग. साठ वर्षं झाली मला ह्या गावात येऊन. माझ्या गावाचं नाव त्यांच्या डिक्शनरीत शिवी म्हणून छापतात म्हणजे काय!"

कसाऱ्याला मागून जादा इंजिने लागली आणि गाडी थळ घाट चढू लागली. हा घाटाचा मार्ग १८६५ साली खुला झाला, आणि माझ्या मते आक्काच्या रागाचे मूळ ह्याच घाटात आहे. कारण रेल्वे वर पोचली म्हणून तर देवळालीला गोऱ्या पलटणींची छावणी भरभराटीला आली. विलायतेतून बोटीने मुंबईला उतरलेला शिपाई आधी देवळालीला येई आणि इथून हिंदुस्थानभर पांगे. नोकरीची मुदत संपली की पुन्हा इथेच येऊन परतीच्या बोटीची वाट पाही. एका अर्थाने देवळाली ही अवघ्या गोऱ्या फौजेची धर्मशाळाच होती.

आता मौज, किंवा दुर्दैव, असे की ह्या फौजेच्या बोटी बारमाही नव्हत्या. उन्हाळा आणि पावसाळा टाळून साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्यातच त्या ये-जा करीत. ज्याची मुदत नेमकी मार्चअखेर भरली आणि ज्याची शेवटची बोट हुकली, तो सहा महिने देवळालीत अडकला. कामधाम नाही. कवायत नावापुरती. डोक्यावर नाशिक जिल्ह्यातला वैशाख, खिशात साचलेला पगार आणि समोर दारूचा गुत्ता. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका शिपायाने १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांत हे सगळे आले आहे. वर्षानुवर्षे ज्यांच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती असे शहाणे, सरळ शिपाई ह्या वाट पाहण्याने बिघडत. कोणी दारूपायी, कोणी वाईट रोगापायी. काही जण जिवावर उदार होत. असा एखादा स्वतःशीच बडबडू लागला की सोबती म्हणत, ह्याला 'देवळाली टॅप' झाला.

हा 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, की कपाळावरची टिचकीही नव्हे. तो आपला ताप! मलेरियाचा, उन्हाचा, मनाचा, कसलाही म्हणा. देवळालीचा ताप. १९२५ साली निघालेल्या सैनिकी शब्दांच्या एका कोशात तो नोंदलेला आहे. पुढे शिपाई घरी गेले, शब्दही गेला. वाटेत शेपटीचा ताप गळून पडला, देवळालीची 'डूलाली' झाली आणि बोलण्यात उरली ती नुसती डूलाली, म्हणजे भ्रमिष्ट. ज्याचे डोके डुलते तो डूलाली, अशी व्युत्पत्ती एखाद्या मराठी माणसाने खुशाल द्यावी. कोणी हरकत घेणार नाही. तो शब्द वापरणाऱ्या कितीतरी इंग्रजांना देवळाली नावाचे एक गाव आहे, तिथे बाजार भरतो, टेकडीवर खंडोबाचे देऊळ आहे, ह्याचा पत्ताही नाही. बीबीसीने १९७४ ते १९८१ ह्या काळात गोऱ्या पलटणीवर एक विनोदी मालिका दाखवली. तिचे पहिले भाग देवळालीतच घडतात. त्यानेही फारसा फरक पडला नाही.

गंमत अशी, की मुंबईच्या माणसाला देवळाली म्हणजे हवापालट. कित्येक पारशी आणि गुजराती कुटुंबे छाती सुधारायला इथल्या आरोग्यभुवनांत येऊन राहत. ज्या हवेत टॉमीचे डोके फिरले, तिथेच आमच्या लोकांनी डोके थंड करून घेतले. तेव्हा दोष हवेचा नव्हता. दोष वाट पाहण्याचा होता.

हे सारे मी आक्काच्या व्हरांड्यात बसून तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "शिपायांचं वाईट वाटतं रे. पण त्यांच्या वेडाला आमच्या गावाचं नाव कशाला? असल्या माणसांना ठाण्याला पाठवायला हवं होतं."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. "आक्का," मी म्हटले, "आत्ता काय म्हणालीस?"

"काय म्हणाले? ठाण्याला पाठवा म्हणाले. सगळेच म्हणतात."

सगळेच म्हणतात हे खरे. १९०१ साली ठाण्याला मनोरुग्णांचे इस्पितळ झाले आणि तेव्हापासून अख्ख्या मुंबईने ठाण्याचे जे केले, तेच टॉमीने देवळालीचे केले. पुण्याचे लोक तेवढ्याचसाठी येरवड्याचे नाव घेतात. ठाण्याला तलाव आहेत, जुना किल्ला आहे, पहिली आगगाडी जाऊन थांबली ती ठाण्यालाच. पण थट्टेत त्यांतले काही येत नाही. मी हे बोललो तेव्हा आक्का थोडा वेळ गप्प बसली. मग तिला हसू आले. ठाण्याला तिची सख्खी जाऊ राहते.

रात्री आम्ही दोघांनी मिळून लेस्टरला फोन लावला. चित्र दिसणारा फोन. नात समोर येऊन बसली. अंगात निळी डंगरी. मी आधी तिला तिच्या विजारीचे गाव सांगितले. मग आक्काच्या कुंपणातून रोज सकाळी जाणाऱ्या मुंगसाची गोष्ट सांगितली. इंग्रजीतला 'मंगूस' मराठीतून गेला हे ऐकून ती एकदम ताठ बसली. त्यात 'गूस' दिसले तरी हंसाचा काही संबंध नाही, म्हणून दोन मुंगसांचे 'मंगीज' होत नाही. दोन मुंगसे मागवू पाहणाऱ्या एका गृहस्थाला अनेकवचन आठवेना, तेव्हा त्याने 'एक मुंगूस पाठवा' असे पत्र लिहून खाली ताजा कलम जोडला: 'त्यासोबत आणखी एक पाठवा.' हा विनोद माझ्या वर्गात कधी हुकत नसे. लेस्टरलाही हुकला नाही.

मग मी मुद्द्यावर आलो. "तुमच्या शेजारी कॉव्हेंट्री आहे ना? एखाद्याशी सगळ्यांनी अबोला धरला तर तुम्ही काय म्हणता? त्याला कॉव्हेंट्रीला पाठवले. म्हणून काय कॉव्हेंट्रीतली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत? आणि गोंधळाला 'बेडलम' म्हणता, ते काय आहे? बेथलेहेम! येशू ख्रिस्ताचं जन्मगाव. लंडनला १२४७ साली त्या नावाचा एक मठ निघाला, त्याचं पुढे वेड्यांचं इस्पितळ झालं, आणि झालं त्या पवित्र गावाचं बेडलम. उद्या मागच्या बाकावरच्या त्या पोराला एवढं विचार."

"विचारीन," ती म्हणाली. पण तिचे लक्ष दुसरीकडेच होते. "मामाआजोबा, त्या सोल्जर्सची बोट मग आली का?"

इतकी वर्षे मी हा शब्द जाणतो. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "बहुतेकांची आली," मी म्हटले. "ऑक्टोबर उजाडला की बोटी सुरू व्हायच्या."

"आणि तुमची गं?" आक्का मागून वाकून म्हणाली. "मागच्या दिवाळीलाही रजा नव्हती म्हणालात."

पडद्यावर जरा वेळ नुसता घरातला आवाज आला. मग पोरगी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "बाबा, आजी विचारतेय, तिकिटं काढली का?"