दुभाष्याची कर्नलकी

अमेरिकेतल्या मुहलनबर्ग घराण्याच्या वंशावळीत आईच्या बाजूने एक कर्नल बसलेला आहे, कॉनराड वायझर. त्याचा एक नातू वॉशिंग्टनच्या फौजेत जनरल झाला, दुसरा तिथल्या प्रतिनिधी सभेचा पहिला सभापती. अशा नातवांच्या आजोबाला कर्नलकी शोभते खरी; पण ती आली साठीच्या उंबरठ्यावर. तोवर नाव कमावलं ते जिभेवर.

मूळचा जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचा. १७०९ साली आई गेली; बाप मुलांना घेऊन लंडनमार्गे १७१० मध्ये न्यूयॉर्कला उतरला. इंग्रज सरकारने त्यांच्यासारख्या जर्मन निर्वासितांना आरमारासाठी पाइनचं डांबर काढायला जुंपलं. डांबर फारसं निघालंच नाही, माणसं मात्र खंगली. त्यात सावत्र आईशी पटेना. शेवटी बापाने सोळा वर्षांच्या पोराला तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे इंडियनांपैकी, मोहॉक लोकांत नेऊन ठेवलं, आपल्याकडे एखाद्याला मुंबईच्या पेढीवर उमेदवारीला ठेवावं तसं. त्या हिवाळ्यात अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही. दारू चढलेली माणसं जिवावर उठली की पोरगा कुठेतरी दडून बसे. हे त्यानेच लिहून ठेवलंय. उन्हाळ्यात घरी आला तेव्हा मोहॉक भाषा येत होती.

पुढे पेनसिल्व्हेनियात टल्पहॉकनला शेती केली, चौदा मुलं झाली. मध्येच एका पंथाच्या नादाने दाढी वाढवून मठातही जाऊन राहिला. तेव्हा शेत आणि पोरं कुणी सांभाळली, ते सांगायला नको. पण इरोक्वॉयांशी, म्हणजे मोहॉक ज्यात मोडतात त्या जमातसंघाशी, बोलायचं तर सरकारचं त्याच्यावाचून अडायचं. १७३७ साली वसाहतीच्या मालक पेन कुटुंबाने डेलावेअर इंडियनांची जमीन लबाडीने लाटली: दीड दिवसात माणूस चालेल तेवढी, असा करार, आणि चालायला आणले निवडक तगडे गडी. डेलावेअरांनी तक्रार मांडली, तेव्हा १७४२ मध्ये फिलाडेल्फियात इरोक्वॉय पुढारी कॅनासटेगोने उलट त्यांनाच फैलावर घेतलं आणि चालते व्हा म्हणून बजावलं. ते भाषण इंग्रजीत सांगणारा वायझर. दुभाष्याचा काय दोष, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. इरोक्वॉयांना हाताशी धरायचं आणि डेलावेअरांना खिजगणतीत घ्यायचं नाही, या धोरणात त्याचा हात होता.

१७५५च्या ऑक्टोबरात डेलावेअर योद्धे पेन्स क्रीकच्या वस्तीवर तुटून पडले. शस्त्र न धरणाऱ्या क्वेकरांच्या त्या वसाहतीला फौजच नव्हती. आसपासचे जर्मन शेतकरी बंदुका, कुऱ्हाडी, दाताळी, हाताला लागेल ते घेऊन जमले आणि वायझरलाच म्होरक्या केलं. पुढे रीतसर लेफ्टनंट कर्नल झाला. ब्लू माउंटनच्या रांगेतल्या गढ्यांचा बंदोबस्त त्याच्याकडे आला.

पण हेच शेजारी महिन्याभरात त्याच्यावर उलटले. इंग्रजांशी सलोखा राखून असलेल्या काही इंडियनांना तो टल्पहॉकनमधून सुखरूप नेत होता. जमावाला मित्र कोण नि शत्रू कोण याच्याशी कर्तव्य नव्हतं. मारलेल्या इंडियनाच्या टाळूच्या कातड्यामागे सरकारने इनाम लावावं, मग ते कुणाचंही असो, एवढंच त्यांचं मागणं. काहींनी गोळी घालायची भाषा केली ती वायझरलाच. ही हकिगत त्यानेच गव्हर्नरला पत्राने कळवली.