आतले चाक

सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या पळतात. इंजिनात जोर असला आणि पाय दाबायची हिंमत असली की झाले. गाडीची आणि ती चालवणाऱ्याची खरी परीक्षा वळणावर होते. अशी वाक्ये आम्ही मास्तर लोक वर्गात सहज बोलून जातो. या वाक्याचा अगदी यांत्रिक अर्थ मात्र आम्हाला आमच्या भाच्याच्या गो-कार्टने समजावून दिला.

भाचा अकरा वर्षांचा. दुल्हाभाई शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर आहेत. कोल्हापुरात इंजिनाचे वेड हवेतच असते. उद्यमनगराच्या बाजूला वाढलेल्या पोराला लेथचा आवाज अंगाईसारखा वाटतो. दुल्हाभाईंनी दोन वर्षांच्या ओव्हरटाइमचे पैसे साठवून मुलासाठी लहान मुलांच्या वर्गातली एक जुनी कार्ट घेतली. आपा म्हणाली, "हे शौक आपल्यासारख्यांचे नव्हेत." थोरल्या मुलीच्या डिप्लोमाची फी तोंडावर आली होती. बोलाचाली झाल्या आणि शेवटी ठरले की पावसाळ्यापर्यंत बघायचे, मग कार्ट विकून फी भरायची.

पण पोर ट्रॅकवर मागेच राहू लागले. सरळ पट्ट्यात बरोबरीने जायचे आणि वळण आले की कार्टचे नाक वळायलाच तयार नसायचे. स्टिअरिंग पुरते फिरवले तरी गाडी बाहेरच्या कडेकडे सरकत जाई, वळणाच्या मध्यात रखडे आणि बाहेर पडताना इंजिन घुटमळे. दुल्हाभाई कुंपणापाशी उभे राहून ओरडत, "पाँव मत उठा! जोरसे ले!" आजूबाजूचे जाणकार म्हणत, गाडी ठीक आहे, पोरातच दम नाही. दोन महिन्यांत पोराने बोलणे सोडले. घरी जेवताना मान वर करीना. एकदा आमच्या स्कूटरवर मागे बसल्यावर हळूच म्हणाला, "मामू, गाडी मुडतीच नै. मैं क्या करूं?"

आम्ही उर्दू शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. 'पोरातच दम नाही' हे वाक्य आमच्या चांगले ओळखीचे आहे. मुलाची पाटी न बघताच त्याच्यावर शिक्का मारायचा असला की ते वापरतात. बी.एड.ला कृतिसंशोधन नावाचा एक भाग असतो. अडचण नेमकी मांडा, कारणांचा अंदाज करा, एका वेळी एकच बदल करा, निकाल लिहून ठेवा. आम्ही दोनशे पानी वही घेतली आणि उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींना बरोबर घेतले.

मिस्त्रींनी पहिल्यांदा आम्हाला कार्टची मूळ रचना सांगितली. मोटारीत डिफरन्शिअल असते, त्यामुळे वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते आणि आतले कमी. कार्टला डिफरन्शिअल नाही. मागची दोन्ही चाके एकाच सळीवर घट्ट बसवलेली, दोन्ही सारखीच फिरणार. वळणावर तर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. मग दोन्ही चाके जमिनीला चिकटून राहिली की ती एकमेकांशी भांडतात आणि गाडीला सरळच ढकलतात. यावर उपाय एकच: वळताना मागचे आतले चाक क्षणभर जमिनीवरून सुटले पाहिजे. कागद सरकेल एवढे सुटले तरी पुरे. कार्टला स्प्रिंगा नाहीत, शॉकअब्सॉर्बर नाहीत. हे काम नळ्यांच्या सांगाड्याची लवचिकता, पुढच्या चाकांचा कल आणि बसणाऱ्याचे वजन मिळून करतात.

म्हणजे बसणारे पोर हा गाडीचाच एक भाग! आणि ही गाडी तर दुसऱ्याच पोराच्या मापाने बसवलेली होती. आधीचा मुलगा उंच आणि वजनदार. त्याच्या पायांसाठी सीट मागे घेतलेली. आमचा भाचा हेल्मेट आणि सूटसकट छत्तीस किलो. त्याचे पाय पुरावेत म्हणून पेडलला ठोकळे लावले होते आणि वर्गाचे किमान वजन भरावे म्हणून सीटच्या पाठीला सहा किलो शिसे बोल्टने कसले होते. सीट इतकी मोठी की वळणावर पोर आतल्या आत घसरे.

सुरुवात साध्या गोष्टींपासून केली. टायरमधली हवा उजवीकडे बारा पौंड, डावीकडे सोळा निघाली. दोन्हीकडे चौदा केली. दोरी आणि टेप लावून पुढच्या चाकांची अलाइनमेंट पाहिली. एक रॉड किंचित वाकलेला होता, तो बदलला. मग शेजारच्या नदाफांकडून फोमचे तुकडे आणून सीटमध्ये दोन्ही कुशींना चिकटवले. पोर घट्ट बसले. त्या दिवशी त्याच्या बरगड्या दुखल्या नाहीत, हीच पहिली कमाई.

मग चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून पोराला आत बसवले. एकूण एकशेआठ किलो, त्यातले पुढच्या चाकांवर फक्त चाळीस. म्हणजे सदतीस टक्के. मिस्त्री म्हणाले, पुढे एक्केचाळीस-बेचाळीस टक्के तरी पाहिजेत. नाकावर भारच नाही तर नाक वळेल कसे? शाळेच्या पुस्तकातली तरफ इथे कामाला आली. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर पंच्याण्णव सेंटिमीटर. सहा किलो शिसे पाठीवरून काढून गुडघ्यांखालच्या पत्र्यावर, पन्नास सेंटिमीटर पुढे आणले, तर सहा गुणिले पन्नास भागिले पंच्याण्णव, म्हणजे तीन किलोंहून थोडे जास्त वजन पुढे जाते. सीट तीन सेंटिमीटर पुढे सरकवली तर आणखी सव्वा किलो. हिशेब आम्ही पोराकडूनच करून घेतला. काट्यांनी पुढे सव्वाचव्वेचाळीसच्या आसपास आकडा दाखवला, तेव्हा कित्येक दिवसांनी त्याचे दात दिसले.

वळणात शिरताना आता नाक वळू लागले. पण मध्यावर रखडणे तसेच राहिले. पालथे पडून कुंपणाखालून पाहिले तर आतले चाक जमिनीला चिकटलेले. शिसे खाली गेल्यामुळे भार बाहेरच्या बाजूला झुकणेही कमी झाले होते. मग मिस्त्रींनी कॅस्टर वाढवला. सायकलचा पुढचा फोर्क जसा मागे कललेला असतो, तसा कार्टच्या पुढच्या चाकांच्या खुंटीचा कल असतो. हा कल वाढवला की स्टिअरिंग फिरवताच आतले पुढचे चाक खाली दाबले जाते, गाडीचा तो कोपरा उचलला जातो आणि तिरक्या रेषेत मागचे आतले चाक सुटते. वर्गातली एका पायाखाली कागद घातलेली डुगडुगणारी खुर्ची आठवा, तोच प्रकार. यात तोटाही आहे. कल वाढवला की स्टिअरिंग जड होते आणि लहान पोराचे हात भरून येतात. म्हणून कॅस्टर थोडाच वाढवला आणि उरलेले काम पुढची चाके दोन्हीकडून पाच-पाच मिलिमीटर बाहेर घेऊन केले.

प्रत्येक बदलानंतर पाच फेऱ्या. वहीत चार रकाने: काय बदलले, घड्याळ काय म्हणते, मिस्त्री काय म्हणतात, आणि पोर काय म्हणते. पहिल्या आठवड्यात शेवटच्या रकान्यात 'ठीक' एवढाच शब्द असे. तिसऱ्या आठवड्यात तिथे त्याच्या हाताने लिहिलेले दिसले: 'वळणात शिरताना चांगली. मध्ये मागून हलकी. बाहेर पडताना इंजिन मोकळे.' मिस्त्रींनी ते वाचून आमच्याकडे पाहिले. आतले चाक उचलत होते. कुंपणाखालून त्याच्या खाली उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

हा खेळ काही महालांत जन्मलेला नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने नळ्यांच्या सांगाड्यावर छोटे टू-स्ट्रोक इंजिन बसवून पहिली कार्ट बनवली. मायकेल शूमाकरचे वडील गवंडीकाम करीत. लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी मुलाच्या कार्टसाठी एकाहून अधिक नोकऱ्या केल्या. हे आम्ही आपाला सांगितले. ती म्हणाली, "त्यांच्याकडे दुसऱ्या पोरीची फी तटली नव्हती ना." तिचे म्हणणे खोटे नव्हते.

आम्हाला वारंवार आमचा वर्ग आठवत राहिला. दहावीपर्यंत उर्दूत शिकलेले मूल अकरावीला विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तकांसमोर बसते. सरळ पट्ट्यात ते इतरांच्या बरोबरीने आलेले असते. वळणावर मात्र रखडते आणि बाहेर उभी असलेली माणसे ओरडतात, जोर लाव. जोर त्याने लावलेलाच असतो. सीट दुसऱ्याच्या मापाची आहे का, भार कुठे पडला आहे, हे कोणी वाकून बघत नाही. त्याला काय जाणवते हे विचारणारा रकाना आमच्या प्रगतिपुस्तकात नाही. या वर्षी आम्ही तो रकाना आमच्या वर्गापुरता वहीत आखला आहे.

मे महिन्यातल्या शेवटच्या शर्यतीत भाचा अकरा जणांत पाचवा आला. बक्षीस नाही, फोटो नाही. पण त्या दिवशी आपा पहिल्यांदा ट्रॅकवर आली होती, आणि दुल्हाभाई कुंपणापाशी गप्प उभे होते. पोर उतरल्यावर त्यांनी फक्त विचारले, "बेटा, कहाँ अटकी?" आणि पोराने हातवारे करीत दहा मिनिटे सांगितले.

जूनमध्ये ठरल्याप्रमाणे कार्ट विकली. मुलीची फी भरली. ती आता पॉलिटेक्निकला जाते. कार्ट न्यायला सांगलीहून एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. भाचा रडेल अशी आपाला भीती होती. त्याने आत जाऊन आमची वही आणली. दोन रात्री बसून तिची नक्कल त्याने स्वतःसाठी करून ठेवली होती. मूळ वही त्याने त्या लहान मुलाच्या हातात दिली. पहिल्या पानावर त्याने नव्याने लिहिले होते: 'आधी सीट बघा. ही माझ्या मापाची आहे, तुमच्या नाही.'